लाकडात वर आलेली मुलगी

लाकूड कोरणारं छोटं सीएनसी मशीन मी घेतलं ते निव्वळ हौस म्हणून. आठवड्यातले तीन दिवस चेन्नईबाहेर सिरुसेरीला ऑफिसात आणि दोन दिवस घरून काम. केलेलं सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच राहायचं, हाताला कधी काही लागायचं नाही. मैलापूरमधल्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघर आणि गॅलरी यांच्यामधल्या जागेत ते मशीन बसवलं, तेव्हा आईने सांगलीहून फोनवर एवढंच विचारलं, "पोळ्या लाटायला जागा उरली का?"

अशाच एका फोनमुळे अक्कांची ओळख झाली. मी आईशी बोलत जिना चढत होते. तळमजल्याचं दार उघडून एक म्हातारी बाई बाहेर आल्या आणि मान किंचित तिरकी करून ऐकत राहिल्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तू मराठी मणून ठाऊक नव्हतं."

त्यांचं घराणं तंजावरकडचं, कितीतरी पिढ्यांपासून तिकडेच राहिलेलं. अक्का पाच वर्षांच्या असताना घर मद्रासला आलं. त्यांची मराठी 'म्हणून'ला 'मणून' म्हणणारी, 'सगळं'ला 'अस्का' म्हणणारी, आणि तमिळच्या चालीवर वरखाली होणारी. मला सुरुवातीला निम्मी कळायची. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पती जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डावा हात कोपरात वाकडा. लहानपणी पडून मोडला होता आणि बसवणाऱ्याने तो नीट बसवला नव्हता. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. उजेड, अंधार आणि समोर कोणी उभं आहे एवढंच कळायचं.

"वर काय गुरगुरतं अस्का दिवस?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी त्यांना वर आणलं आणि नुकतीच कोरलेली एक लाकडी चकती हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला. "कमळ," म्हणाल्या. पुन्हा फिरवला. "एक पाकळी मोडली आहे." ती खरंच मोडली होती आणि मला दिसलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या एक फोटो घेऊन आल्या, मऊ सुती फडक्यात गुंडाळलेला.

"हिचा चेहरा करून दे मला. बोटांनी बघते."

"आईंचा का?"

"आईचा चेहरा पाठ आहे. ही माझी मावशी. आईची धाकटी बहीण. तिला लेकरू नव्हतं. वर्षातनं एकदा यायची, थोडे दिवस राहायची, जायची. आता तिचा चेहरा निसटूं लागलाय."

मावशी वारल्यावर तिची ट्रंक अक्कांकडे आली होती. त्यात दोन साड्या, एक तांब्या आणि हा फोटो. काळापांढरा, पोस्टकार्डाएवढा. स्टुडिओतल्या खुर्चीवर विशीतली एक बाई बसलेली. नऊवारी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, मागे पडदा. डावा हात पदराच्या घडीत गेलेला. फोटो काढताना सगळेच गंभीर दिसतात, तशी तीही गंभीर.

मशीनला फोटो कळत नाही. फोटो आधी करड्या छटांत आणायचा, मग प्रत्येक छटेला एक खोली द्यायची: पांढरं ते उंच, काळं ते खोल. त्यावरून सॉफ्टवेअर हजारो ओळींची फाईल बनवतं. इथून तिथवर जा, इतकं खाली उतर, पुन्हा वर ये. मशीन डोळे मिटून ते पाळतं. इतकं सोपं आहे असं मला वाटायचं. मी फोटो स्कॅन केला, फाईल बनवली आणि पाइनच्या एका तुकड्यावर लावून दिली.

तासाभराने झाकण उघडलं आणि मी मागे सरकले. बाईच्या कपाळाच्या मधोमध आरपार भोक पडलं होतं. बुबुळांच्या जागी दोन खड्डे. केसांची जागा पूर्ण खणून काढलेली, त्यामुळे कवटी उघडी पडल्यासारखी. कुंकू काळं, म्हणून मशीनने सगळ्यात खोल तिथेच खणलं होतं. चमक्या पांढऱ्या, म्हणून त्या नाकातून दोन खिळ्यांसारख्या वर आलेल्या. एका जिवंत माणसाच्या प्रिय व्यक्तीचं मी हे केलं होतं. खाली अक्कांचा रेडिओ लागला होता आणि मी तो तुकडा उलटा करून वर्तमानपत्राखाली दडवला.

मग शिकले. फोटोतला काळेपणा म्हणजे खोली नव्हे, तो नुसता रंग किंवा सावली. कुठे काय उंच आहे ते माणसालाच सांगावं लागतं. ऑफिसातून आल्यावर रोज संध्याकाळी तासभर मी कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्यात करडा रंग भरत बसायचे. कपाळ सपाट केलं, कुंकू टिकलीएवढं उंच ठेवलं, केस वर उचलले, गालाला गोलाई दिली. आरशासमोर स्वतःच्या नाकावरून बोट फिरवून उंची ठरवायचे. तीन आठवडे गेले. पदराच्या चुण्याही केल्या. मागच्या पडद्याला मात्र हात लावला नाही. तो जवळजवळ एकाच छटेचा होता, तसाच सोडून दिला. उठाव भरपूर यावा म्हणून खोली तेवढी वाढवली. अक्कांना बोटांनी पाहायचं होतं.

अक्कांनी जुन्या कपाटाची एक सागवानी फळी दिली होती, पण ती मी शेवटच्या कामासाठी बाजूला ठेवली. एका रविवारी सकाळी साध्या फळीवर मशीन सुरू केलं. दुपारी जेवणाच्या वेळेला ते थांबलं. भुसा ब्रशने झाडला. चेहरा उत्तम आला होता. मला खूप आनंद झाला. अक्का पाहतील तसं पाहावं म्हणून मी डोळे मिटले आणि तळहात फळीवरून फिरवला. कपाळ, नाक, ओठ, खांदा. खांद्यावरून हात बाजूला, बाईमागच्या पडद्यावर गेला आणि थांबला.

तिथे काहीतरी होतं. सपाट असायला हवं तिथे एक हलका उंचवटा. गोल. त्याच्याखाली अरुंद, मग पुन्हा रुंद. मी डोळे न उघडता बोटं खाली नेली. दोन्ही बाजूंना लोंबणारं काहीतरी. वेण्या.

डोळे उघडले तर नीट दिसेना. फळी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. प्रकाश आडवा पडल्याबरोबर ती दिसली. बाईच्या गुडघ्याला टेकून उभी असलेली चारएक वर्षांची मुलगी. चेहरा नाही, नुसता आकार. बाईचा जो हात पदरात गेला आहे असं मी समजत होते, तो पदरात गेलाच नव्हता. तो मुलीच्या पाठीवर होता.

मी फोटो काढून भिंगाखाली धरला. काही नाही, नुसता पडदा. मग तोही खिडकीपाशी तिरपा केला. फोटोचा कागद चकाकत होता आणि खुर्चीच्या बाजूचा एक पट्टा चकाकत नव्हता. तिथे कोणीतरी बारीक ब्रशने रंग लावला होता, पडद्याच्या छटेशी बेमालूम जुळवून. इतक्या वर्षांत तो रंग एखाद-दुसऱ्या छटेने उतरून खालचा आकार पुसट वर आला असणार. डोळ्याला कळणार नाही इतकाच. मशीनला मात्र कळला, कारण मीच खोली वाढवून ठेवली होती.

मी जमिनीवर बसून राहिले. एका मुलीला फोटोतून पुसलं होतं. कोणी, का, काही ठाऊक नव्हतं. पण नक्षीचं काम करता करता मी कोणाच्या तरी घरातलं बंद दार उघडलं होतं, एवढं समजलं.

पुढे मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी ती मुलगी पुन्हा पुसली. कॉम्प्युटरवर तेवढा भाग निवडला, एकच छटा भरली, कडा मऊ केल्या. पाच मिनिटांचं काम. म्हाताऱ्या बाईला कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या रविवारी नवी फळी कोरून अक्कांकडे घेऊन गेले. सागवानी फळी मात्र अजून तशीच होती. का ती वापरली नाही, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

अक्कांनी फळी मांडीवर घेतली. दोन्ही हातांची बोटं कपाळावर ठेवली आणि हळूहळू खाली आणली. भुवया, डोळे, चमक्या. ओठांवर आल्यावर त्या हसल्या. "हीच," म्हणाल्या. "खालचा ओठ असाच पुढे होता तिचा." किती तरी वेळ त्या चेहऱ्यावरच होत्या. मग खांदा, दंड, कोपर. तिथून मनगटापाशी आल्या आणि थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा आल्या.

"हात कोठें आहे?"

"पदरात आहे, अक्का."

"पदर असा नाही पडत. कोपर इकडे वळलंय, मणजे हात बाहीर आहे. कोणाला तरी धरलंय तिनं." त्यांची बोटं सपाट जागेवर फिरत होती. "हे किती गुळगुळीत आहे. बाकी अस्का पडदा खरबरीत आणि एवढंच गुळगुळीत. तू काय केलंस इथं?"

त्या चिडल्या नव्हत्या. चकती हातात घेऊन मोडलेली पाकळी सांगितली होती, त्याच सुरात विचारत होत्या. मला खोटं बोलता आलं नाही. वर गेले, पहिली फळी आणली, त्यांच्या मांडीवर ठेवली.

"इथे एक मुलगी आहे," मी म्हणाले. "फोटोत रंग लावून झाकली होती. मशीनमुळे वर आली. तुम्हाला त्रास होईल म्हणून मी काढून टाकली होती."

अक्कांनी फळीवर हात ठेवला. बोटं मुलीच्या डोक्यावर गेली, भांगापासून वेण्यांवर, खांद्यावर, मग डाव्या दंडावरून खाली. कोपरापाशी थांबली. तो हात सरळ नव्हता. मला ते तोवर दिसलंच नव्हतं. मुलीने हात वाकवून धरला असेल असं समजून मी सोडून दिलं होतं. अक्कांनी उजवा हात फळीवरून उचलला आणि स्वतःच्या डाव्या कोपरावर ठेवला. परत फळीवर नेला. परत कोपरावर.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.

"मावशीबरोबर माझा फोटो असेल तर असूं दे," काही वेळाने त्या म्हणाल्या, जणू हिशेब जुळतो का ते पाहत. "तो झाकायचा कां?"

त्यांनी मला तंजावरला फोन लावायला सांगितला. त्यांच्या मामांचा मुलगा, त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, त्या पिढीतला उरलेला एकटाच. अक्का त्यांना अण्णा म्हणत. मी फोन स्पीकरवर ठेवून बाहेर जायला निघाले, तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

"अण्णा, मावशीच्या फोटोत मी आहे."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"तो फोटो तिनं ठेवला होता?" अण्णा म्हणाले. "मला वाटलं पुढे फाडला मणून."

"माझ्यावर रंग कां लावला?"

"तुला हे आज कां विचारायचं आहे?"

"आज कळलं मणून."

"काय आज कळलं?" अण्णांचा आवाज बदलला. "तू तिची मणून तुला ठाऊक नाही?"

माझ्या मनगटावरची अक्कांची बोटं घट्ट झाली.

अण्णांनी मग सगळं सांगितलं, तुटक तुटक, मधेच तमिळमध्ये जात. थोरल्या बहिणीला लेकरू होईना. धाकटीला पहिलीच मुलगी झाली. घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं, धाकटीचं वय लहान आहे, तिला आणखी होतील. कागद वगैरे काही नाही, घरातल्या घरात दिली. देण्याच्या आदल्या दिवशी धाकटी मुलीला घेऊन स्टुडिओत गेली आणि फोटो काढून आली. तिला पुढे मूल झालंच नाही. थोरलीला त्या फोटोचं कळलं तेव्हा ती म्हणाली, फोटो ठेव, पण मुलीला त्यात नको ठेवूस. आणि वर्षातनं पंधरा दिवस येत जा. मग धाकटी स्वतःच फोटो घेऊन परत त्या स्टुडिओत गेली आणि रंग लावून आणला.

"स्वतः?" अक्कांनी विचारलं.

"स्वतः. मी बरोबर होतो. लहान होतो मी. बाहीर बाकड्यावर बसवलं मला."

"अस्क्यांना ठाऊक होतं?"

"अस्क्यांना. तुला ठाऊक नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांची होतीस, आठवत असेल मणून वाटलं. तुझ्या लग्नात मावशी मागे उभी राहिली तेव्हा आम्हाला वाटलं, तुम्ही दोघींनी ठरवून तसं केलं."

अक्कांनी फोन बंद करायची खूण केली. मी पाणी आणलं. त्यांनी भांडं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"तंजावरचं मला कांही आठवत नाही. इथं मावशी आली की माझी खाट तिला द्यायला लागायची," त्या म्हणाल्या. "मी दहा वर्षांची असेन. एकदा तिला तोंडावर मटलं, पुढच्या वर्षी कमी दिवस राहा, मला खाली झोपून पाठ दुखते. ती बरं मणाली. पुढच्या वर्षी आठच दिवस राहिली." मग म्हणाल्या, "तू आता जा."

त्यानंतर अकरा दिवस त्यांचं दार बंद होतं. रेडिओ नाही, फोडणीचा वास नाही. कामाला येणाऱ्या बाई जात-येत होत्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, जेवतात, पण बोलत नाहीत. आणि देवघरातला आईचा फोटो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितला आहे. मी दोनदा दार वाजवलं. आतून उत्तर आलं नाही. मशीनवर कापड टाकून ठेवलं. ऑफिसात कामात चुका व्हायला लागल्या. सारखं मनात यायचं, खोली थोडी कमी ठेवली असती तर ही बाई आपल्या आईची मुलगी म्हणून सुखाने गेली असती. आणि मग यायचं, तिची आई कोण हे ठरवणारी मी कोण.

बाराव्या दिवशी सकाळी त्या स्वतः जिना चढून वर आल्या. केस विंचरलेले, साडी स्वच्छ. आल्या त्या थेट मशीनजवळच्या खुर्चीवर बसल्या.

"त्या मुलीचा चेहरा काढतां येईल?"

मी प्रयत्न केला. फोटो बाजूने दिवा धरून टिपला, रंगीत स्कॅन केला, निळी, हिरवी, तांबडी छटा वेगवेगळी करून पाहिली. निळ्यात थोडं काही सापडलं. भांग दिसला, एका वेणीची रिबीन, गालाची कड, फ्रॉकची झालर. डोळे-नाक-तोंड मात्र आलं नाही. तिथे रंग सगळ्यात जाड होता. स्टुडिओवाल्याने चेहऱ्यावर दोनदा हात फिरवला असणार.

"तुमचा लहानपणीचा दुसरा फोटो असेल तर त्यावरून चेहरा बसवता येईल," मी म्हणाले.

"नक्को. जेवढं आहे तेवढंच कर. ती सपाट केलेली फाईल आहे अजून?"

"आहे."

"पुसून टाक."

मी पुसली. त्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसत नव्हता, तरी त्यांनी "पुसली?" म्हणून विचारलं आणि मी "पुसली" म्हणाले.

सागवानी फळी मशीनवर घट्ट बसवली. अक्कांना म्हटलं, चार तास लागतील, आवाज मोठा आहे, झालं की खाली आणून देते. त्या हलल्या नाहीत. कानाला पदर बांधून बसल्या. गॅलरीतून कपालीश्वराच्या देवळाच्या बाजूचा फुलांचा आणि पेट्रोलचा वास येत होता. मधूनमधून विचारायच्या, "आता कोठें आहे?" मी सांगायचे, "केसांवर", "गळ्यावर". दुपारी मी दहीभात कालवला, तो त्यांनी तिथेच बसून खाल्ला.

"आता?"

"मुलीच्या पाठीवरच्या हातावर."

त्यांनी ताट खाली ठेवलं. मशीनचा आवाज तोच होता, त्यात काही फरक नव्हता. पण तो भाग संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

काम संपल्यावर मी ब्रश घेतला, तर म्हणाल्या, "असूं दे," आणि भुशासकट फळी उचलून घेतली. पॉलिशही करू दिलं नाही. जिना उतरायला मदत करू का विचारलं, त्यालाही नको म्हणाल्या. एका हाताने कठडा, एका हाताने फळी.

आता त्या आठवड्यातून एकदा तरी वर येतात. आईचा फोटो त्यांनी पुन्हा सरळ केला. कधी ते मला कळलं नाही, एकदा खाली गेले तेव्हा तो सरळ होता आणि समोर दिवा होता. त्याच म्हणाल्या, "तिनं वाढवलं की मला. तापात रात्र रात्र बसली." मग जरा वेळाने, "तरी रंग लावायला लावायचा नव्हता."

लाकडी फळी त्यांच्या खाटेच्या उशाशी, भिंतीला टेकून असते. तिच्यातल्या बाईबद्दल बोलताना त्या अजूनही मावशीच म्हणतात. मागच्या आठवड्यात मी विचारलं, खाली काही नाव कोरायचं का.

"काय नाव कोरणार? तिला आई मणून कोणी हाक मारली नाही. माझी आता तशी जीभ वळत नाही."

एवढं बोलून त्यांनी मला कॉफी घेणार का विचारलं, आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या.